वारशात आलेली कॅरॅव्हॅन विकताना: आधी नाव, मग भाव

भिलाईहून मी पुन्हा तुमच्यासमोर आले आहे. घर, शेती, बँकेतल्या ठेवी आणि दागिने यांवर आपण मागच्या भागांत बोललो. आजचा विषय गाडीचा आहे. तीही साधी गाडी नाही, कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, पंखा, सगळं काही. आता तुम्ही म्हणाल, ताई, असली गाडी शंभरात एकाच्या घरी असते, आम्हाला काय उपयोग? उपयोग आहे. मी जे सांगणार आहे त्यातलं तीन चतुर्थांश तुमच्या घरातल्या स्कूटरला, जुन्या ओम्नीला, ट्रॅक्टरलासुद्धा जसंच्या तसं लागू पडतं. कॅरॅव्हॅनला त्यावर थोडे जास्तीचे कागद लागतात, एवढाच फरक.

घरातलं माणूस गेलं की गाडीचा विचार सगळ्यात शेवटी होतो, असं मी खूप घरांत पाहिलंय. घराची वाटणी, ठेवींचे नॉमिनी, पेन्शन हे सगळं आधी. गाडी काय, उभीच आहे अंगणात. पण जरा विचार करा. मागे राहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये गाडी ही एकच वस्तू अशी आहे जी मालक गेल्यानंतरही रस्त्यावर जाऊन कुणाला तरी इजा करू शकते. जमीन कुणाला धडक देत नाही, मुदत ठेव कुणाच्या अंगावर जात नाही. गाडी जाते. म्हणून किंमत कमी असली तरी जोखीम तिचीच जास्त.

आमच्या घरचं उदाहरण

माझे थोरले मामा भिलाई इस्पात संयंत्रातून निवृत्त झाले. आमच्या या गावाला लोक लघु भारत म्हणतात. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथे आली. विदर्भातून आली ती तर शेजारच्या घरातून आल्यासारखी. नागपूर इथून अडीचशे किलोमीटरहून थोडं जास्त. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला नागपुरात पोहोचतो. मामाही असेच आले आणि इथलेच झाले. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एक टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅरॅव्हॅन करून घेतली आणि भोरमदेव, अमरकंटक, सिरपूर, मैनपाट, चित्रकोटचा धबधबा असं फिरत राहिले. बऱ्याचदा सोबतीला माझा मामेभाऊ असायचा, म्हणजे मधल्या मामांचा मुलगा. गाडी चालवायला तो त्याच गाडीवर शिकला.

मामा गेले. मृत्युपत्र नव्हतं. मागे माझी आई, नागपूरचे धाकटे मामा आणि हा मामेभाऊ. मधले मामा आधीच गेलेले. मामेभाऊ पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, तिथे सहा मीटरच्या आसपास लांबीची गाडी ठेवायची कुठे? आईला गाडी चालवता येत नाही. धाकट्या मामांच्या गुडघ्यांना पायरी चढणं जमत नाही. म्हणून विकायचं ठरलं. ठरवायला दहा मिनिटं लागली. पुढचं सगळं म्हणजे आजचा हा भाग.

पहिला प्रश्न: मालक कोण?

मोटार वाहन कायदा १९८८ ची व्याख्या साधी आहे. ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो मालक. चावी कुणाकडे, पैसे कुणी दिले, गाडी कोण वापरतं, या सगळ्याच्या आधी आरसीवरचं नाव बघितलं जातं.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी एकाने दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ती पुढे पुढे गेली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. मग अपघात झाला. पहिला मालक म्हणाला, मी तर गाडी केव्हाच विकली. न्यायालयाने सांगितलं की नोंदीत नाव तुमचं, तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारीही तुमचीच. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडी कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग काढत हिंडायचं का, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो योग्यच आहे.

आता हे वारशाला लावून बघा. मृत माणसाच्या नावावरची गाडी तुम्ही कुणाला तरी देऊन टाकलीत, कागद केले नाहीत, आणि चार महिन्यांनी तिने रायपूर रस्त्यावर कुणाला उडवलं. नाव मामांचं. विमा संपलेला. दावा मग मामांच्या इस्टेटीवर, म्हणजे वारसांच्या हातात आलेल्या मालमत्तेवर येऊ शकतो. दोन-चार लाखांच्या गाडीपायी घराच्या वाटणीला धक्का. म्हणून शीर्षकात म्हटलंय, आधी नाव, मग भाव.

दुसरा प्रश्न: वारस कोण?

मृत्युपत्र असेल तर त्यात गाडीचा उल्लेख आहे का ते बघा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. गाडीचा वेगळा उल्लेख नसला तरी 'माझी उरलेली सर्व मालमत्ता' असं एखादं वाक्य असतं, त्यात ती येते.

मृत्युपत्र नसेल तर ज्याचा त्याचा वारसा कायदा. हिंदू कुटुंबांसाठी हिंदू वारसा कायदा १९५६. पुरुष गेला तर आधी पहिल्या वर्गाचे वारस, म्हणजे बायको, मुलगे, मुली, आई वगैरे. सगळ्यांना बरोबरीने हक्क. मुलगी सासरी गेली म्हणून तिचा हक्क जात नाही, हे मी प्रत्येक भागात सांगते आणि पुढेही सांगत राहणार.

आमच्या मामांना यातलं कुणीच नव्हतं. आई-वडील आधी गेलेले, लग्न नाही. मग दुसरा वर्ग. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो, म्हणून सावकाश सांगते. दुसऱ्या वर्गात कायद्याने पायऱ्या केल्यात. पहिल्या पायरीवर वडील. दुसऱ्या पायरीवर भाऊ आणि बहीण, त्यांच्यासोबत मुलाच्या मुलीची मुलं. भाचे आणि पुतणे थेट चौथ्या पायरीवर. वरच्या पायरीवर एक जरी माणूस हयात असेल तर खालच्या पायरीवरच्यांना काही मिळत नाही. म्हणजे आई आणि धाकटे मामा, दोघांना निम्मं निम्मं. मामेभावाला कायद्याने शून्य.

'पण त्याचे वडील असते तर त्यांना मिळालं असतं ना? मग बापाचा वाटा मुलाला नको का?' हा प्रश्न आमच्याही घरात आला. पहिल्या वर्गात तसं आहे. आधी गेलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांना जातो. भावंडांच्या बाबतीत तसं नाही. कायदा तिथे थांबतो.

कायदा थांबला म्हणून घराने थांबायलाच हवं असं मात्र नाही. ज्या मुलाने मामांना प्रत्येक सहलीला सोबत केली, शेवटच्या वर्षी दवाखान्याच्या फेऱ्या केल्या, त्याला आपण 'तुझं नाव यादीत नाही' असं सांगायचं? आई म्हणाली, 'कायदा काहीही म्हणो, तीन भावंडांचं घर आहे, तीनच वाटे होतील.' धाकटे मामा लगेच हो म्हणाले. तर हे कसं करायचं? त्याला वारस म्हणून दाखवायचं नाही, कारण तो वारस नाही आणि शपथपत्रात खोटं लिहायचं नसतं. गाडी विकली गेल्यावर दोघांनी आपापल्या वाट्यातून त्याला भेट म्हणून रक्कम द्यायची, बँकेतून आणि साध्या भेटपत्रासह. समजा गाडी सहा लाखांना गेली. कायद्याने तीन-तीन. दोघांनी एकेक लाख दिलं की तिघांकडे दोन-दोन. काका किंवा आत्या यांनी पुतण्याला दिलेली भेट प्राप्तिकर कायद्याच्या नातेवाइकांच्या व्याख्येत बसते, त्यामुळे घेणाऱ्याला त्यावर कर नाही.

बाकी धर्मांच्या कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. बाई गेली तर हिंदू कायद्यातही क्रम वेगळा. तेव्हा आमचा क्रम जसाच्या तसा उचलू नका, आपला कोणता ते आधी बघा.

नॉमिनी असेल तर?

२०२१ पासून गाडीच्या नोंदणीत नॉमिनीचं नाव घालता येतं. ते असेल तर आरटीओचं काम बरंच सोपं होतं. पण नॉमिनी म्हणजे गाडी एकट्याची झाली असं धरून चालू नका. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की नॉमिनीमुळे वारसांचा हक्क पुसला जात नाही. गाडीच्या बाबतीतही पैसे वाटताना तेच तत्त्व धरलं तर घरात वाद होत नाही. आणि हा भाग वाचून झाला की एक करा, आपल्या गाडीला नॉमिनी आहे का ते बघा. नसेल तर घालून टाका.

तीस दिवस आणि तीन महिने

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम ५६ आहे. मालक गेल्यावर काय करायचं ते त्यात आहे. दोन मुदती लक्षात ठेवा.

पहिली मुदत ३० दिवसांची. गाडी ज्याच्या ताब्यात आली त्याने नोंदणी कार्यालयाला कळवायचं की मालक वारले आणि गाडी मी वापरणार आहे. हे कळवलं असेल तर मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने ती गाडी वापरता येते. दुसरी मुदत त्याच तीन महिन्यांची. तेवढ्यात फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. सोबत आरसी, मृत्यूचा दाखला, विम्याचं प्रमाणपत्र आणि फी.

प्रत्यक्षात खिडकीवर आणखी काय मागतात? वारस दाखला किंवा वारसांचं शपथपत्र, बाकीच्या वारसांचं नोटरीसमोर केलेलं नाहरकत पत्र, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, पीयूसी, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. काही ठिकाणी कुणीतरी सांगतं, 'कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र आणा.' भारतीय वारसा कायद्यातलं ते प्रमाणपत्र मुळात येणी आणि रोखे यांच्यासाठी आहे, गाडीसाठी नाही. तेव्हा घाबरून वकिलाकडे धावण्याआधी आपल्या कार्यालयात लेखी यादी मागा. वारसांमध्ये वाद असेल तर गोष्ट वेगळी, मग कोर्टाशिवाय सुटका नाही.

आमच्याकडे गाडी आईच्या नावावर करायची ठरली. कारण सरळ होतं. गाडी सीजी ०७, म्हणजे दुर्गची. आई भिलाईत राहते, पत्ता इथलाच. धाकट्या मामांच्या नावावर करायची म्हटली असती तर पत्ता महाराष्ट्रातला, मग आधी छत्तीसगडचं नाहरकत प्रमाणपत्र, मग तिकडचा कर, मग नवा नंबर, आणि एवढं करून गाडी विकायचीच. वारस अनेक असतील तर ज्याचा पत्ता गाडीच्या जिल्ह्यात आहे त्याच्या नावावर करा, बाकीच्यांनी नाहरकत द्या, आणि पैशांची वाटणी वेगळ्या कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. तो वेगळा कागद टाळू नका. नाव एकाचं आणि पैसे सगळ्यांचे, हे तोंडी ठेवलं की दोन वर्षांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं.

एक छोटी पण कामाची सूचना. गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर घाईने बंद करू नका. गाडीच्या नोंदणीशी, फास्टॅगशी, विम्याशी तोच नंबर जोडलेला असतो आणि ओटीपी तिथेच येतो. सगळी कामं उरकेपर्यंत छोटा रिचार्ज चालू ठेवा.

विमा

एकट्याच्या नावावर पॉलिसी असेल आणि तो गेला तर पॉलिसी लगेच मरत नाही. नेहमीच्या मोटार पॉलिसीत मृत्यूनंतर तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी संपेल तोपर्यंत संरक्षण असतं. त्या काळात वारसाने पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. मुदत संपत आली असेल तर विकायची आहे म्हणून नूतनीकरण टाळू नका. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि ग्राहकाला फेरी मारून दाखवायची तर गाडी रस्त्यावर येणारच.

कॅरॅव्हॅनचं वेगळं काय?

आता खास कॅरॅव्हॅनचं. तिच्या आरसीवर 'बॉडी टाइप' आणि 'वाहन वर्ग' हे दोन रकाने बघा. गाडीची मूळ रचना बदलायची तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. परवानगी आणि नोंद यांशिवाय बदल चालत नाही. १३ माणसांच्या गाडीतल्या सीट काढून पलंग टाकला, पण आरसीवर अजून १३ सीटच लिहिल्या आहेत, अशी गाडी फेरीला छान दिसते आणि तपासणीला अडकते. घेणारा शहाणा असेल तर तो आधी हेच विचारेल.

केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत वाहनांच्या दोन याद्या आहेत, परिवहन आणि अपरिवहन. कॅम्पर व्हॅन दोन्हीकडे आहे. स्वतःच्या वापराची असेल तर अपरिवहन, म्हणजे पांढरी पाटी. भाड्याने द्यायची तर परिवहन, पिवळी पाटी, आणि मग फिटनेस, परमिट, कर सगळंच बदलतं. सध्या कॅरॅव्हॅन पर्यटनाला बरे दिवस आलेत. महाराष्ट्र आणि केरळ दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये त्यासाठी धोरणं आणली. त्यामुळे तुमच्या गाडीला पर्यटनवाला ग्राहक मिळू शकतो. पण खासगी गाडी तो उद्यापासून भाड्याने चालवू शकत नाही, हे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही माहीत असायला हवं.

मामांच्या गाडीच्या आरसीवर खासगी कॅम्पर अशी नोंद होती. त्या एका ओळीने आमचं निम्मं काम हलकं केलं. मामा प्लांटमध्ये कागदावर काम करणारे, पावती फाडायचे नाहीत. गाडीत डॅशबोर्डखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं होतं, पाण्याच्या पंपाच्या बिलापर्यंत.

गाडी उभी असताना

कागद होईपर्यंत दोन-तीन महिने जातात. भिलाईच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या गाडीचे हाल होतात. टायर एकाच जागी दबतात, बॅटरी बसते, रबर तडकतं, आणि उंदीर वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा इंजिन वीस मिनिटं चालू करा, गाडी थोडी पुढे-मागे करा. कॅरॅव्हॅनला बॅटऱ्या दोन असतात, इंजिनाची आणि घराची. पंखा-दिव्याची बॅटरी वेगळी चार्ज करावी लागते. पाण्याची टाकी रिकामी करून वाळवा, नाहीतर वास बसतो आणि तो वास हजारोंनी भाव उतरवतो. ओट्याखालचा गॅस सिलिंडर पहिल्या दिवशीच बाहेर काढा. कनेक्शन गेलेल्या माणसाच्या नावावर असेल तर एजन्सीत जाऊन वारसाच्या नावावर करा किंवा परत करा. गाडीसोबत सिलिंडर विकायचा नसतो.

आणि आत जे वैयक्तिक आहे ते फोटो काढायच्या आधी काढून घ्या. आम्हाला एका कप्प्यात दोन स्वेटर, नकाशे, आणि कोणत्या गावात कुठल्या विहिरीचं पाणी गोड याची मामांच्या अक्षरातली वही मिळाली. ती वही मामेभावाकडे गेली. हिची वाटणी कुणी मागितली नाही.

भाव कसा ठरवायचा?

इथे मन आड येतं. मामांनी आतल्या लाकडी कामावर एवढे खर्च केले, सौर पॅनल लावलं, मग ते पैसे यायलाच हवेत ना? येत नाहीत. घेणारा आधी मोजतो ते चेसिस, इंजिन, किती किलोमीटर, नोंदणीची किती वर्षं उरली. आतली सजावट एकाच्या आवडीची असते, दुसरा ती बदलणार असतो.

विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा तक्ता अंदाजाला बरा. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के घट, दोन ते तीन ३०, तीन ते चार ४०, चार ते पाच ५० टक्के. पाच वर्षांपुढे दोघांच्या संमतीने ठरवायचं. आमची गाडी पाचपेक्षा जुनी होती. आम्ही तीन गोष्टी केल्या. त्याच वर्षाच्या साध्या ट्रॅव्हलरचा चालू भाव काढला. ओळखीच्या नसलेल्या दोन मिस्त्रींकडून इंजिन-सस्पेन्शन तपासून घेतलं. आतल्या सामानाचं, म्हणजे पॅनल, इन्व्हर्टर, बॅटरी यांचं आज बाजारात काय येईल तेवढंच वर धरलं.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली असेल तर नूतनीकरणाची फी गृहीत धरा. मोटारीसाठी ती १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवलेली आहे का, तेही बघा. थकलेली ई-चलनं असतील तर आधी भरा. गाडीवर कर्ज होतं का? असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजाची नोंद तशीच राहिलेली असते, असं वारंवार दिसतं.

'मामांची सही मारून टाका'

गाडी बघायला माणसं येऊ लागली. एक मध्यस्थ म्हणाला, 'मॅडम, दोनदा ट्रान्सफर कशाला? फॉर्म २९-३० वर मामाजींची सही मारून टाका, तारीख मागची घाला. रोख पैसे आज, गाडी आज.' असे लोक सगळीकडे भेटतात, तुम्हालाही भेटतील. त्यांचं बोलणं गोड असतं, कारण त्यात खरोखर वेळ वाचतो.

मी नाही म्हटलं. का, ते सांगते. गेलेल्या माणसाच्या नावाने सही करणं ही खोटी सही आहे, फौजदारी गुन्हा आहे. तो गुन्हा मध्यस्थाचा नाही, पेन हातात धरणाऱ्याचा. दुसरं, मृत्यूची नोंद महापालिकेत असते. उद्या काही वाद निघाला तर दोन तारखा शेजारी ठेवायला कुणालाही दोन मिनिटं लागतात. तिसरं, कागद त्याच्या खिशात आणि नाव मामांचं, अशी गाडी तो कुणाला विकेल, कशाला वापरेल, आपल्याला कळणार नाही. वर सांगितलेला २०१८ चा निकाल आठवा.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर. नवी आरसी हातात आली की विक्री. विक्रीला फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. घेणारा त्याच राज्यातला असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कार्यालयाला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर फॉर्म २८ ने नाहरकत प्रमाणपत्र घ्यायचं, आणि विकणाऱ्याची कळवायची मुदत ४५ दिवसांची. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, तिथला करही भरावा लागतो. हा खर्च कोण करणार ते भाव ठरतानाच बोला. नागपूरच्या ग्राहकाने सांगितलेला भाव दुर्गच्या ग्राहकापेक्षा जास्त वाटतो, पण कर वजा केला की कधी कधी उलटं निघतं.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला द्यायची असेल तर तो परिवहन विभागाकडे नोंदलेला अधिकृत विक्रेता आहे का, ते विचारा. २०२३ पासूनच्या नियमांनुसार अशा विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची रीतसर सूचना पोर्टलवर गेली की पुढची जबाबदारी त्याची. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला हे लागू नाही.

ताबा देताना एक साधा कागद करा. तारीख, वेळ मिनिटासकट, किलोमीटर, दोघांच्या सह्या, ओळखपत्राच्या प्रती, दोन साक्षीदार. वेळ कशाला? कारण चार वाजता गाडी दिली आणि पाच वाजता सिग्नल तोडला, तर चलन कुणाचं हे त्या वेळेवरून ठरतं. फास्टॅग काढून बंद करा, तो गाडीसोबत द्यायचा नसतो. विमा नव्या मालकाने १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. आणि महिन्याभराने वाहन पोर्टलवर जाऊन नाव बदललं की नाही ते स्वतः बघा. बदललेलं दिसेपर्यंत विक्री झाली असं समजू नका.

पैसे आणि कर

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. प्राप्तिकर कायद्याने त्यावर बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेएवढा. बँकेतून घ्या, आणि पैसे खात्यात आल्याशिवाय चावी देऊ नका. वारशावर कर लागतो का? भारतात इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये रद्द झाली, तेव्हापासून नाही. स्वतःच्या वापरातली खासगी गाडी वैयक्तिक वस्तू धरली जाते, त्यामुळे तिच्या विक्रीवर सहसा भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. मग जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी, ते काय? २०२५ पासूनचा तो दर जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाच्या नफ्याच्या फरकावर आहे. तुम्ही-आम्ही घरातली गाडी विकली तर तो आपल्याला नाही.

शेवटी

आमची गाडी छत्तीसगडमधल्याच एका निवृत्त जोडप्याने घेतली. सगळ्यात जास्त बोली त्यांची नव्हती. पण पैसे बँकेतून द्यायला तयार, आरसी यायची वाट बघायला तयार, आणि पहिला प्रश्न त्यांनी सौर पॅनलचा नाही, विम्याचा विचारला. मामा गेल्यापासून पोर्टलवर नवं नाव दिसेपर्यंत सगळं मिळून पाच महिने लागले. पैसे तीन खात्यांत गेले, दोन कायद्याने आणि एक आईच्या शब्दाने.

तेव्हा मंडळी, क्रम पाठ करून ठेवा. मृत्यूचा दाखला, ३० दिवसांत सूचना, तीन महिन्यांत फॉर्म ३१, विमा, वाटणीचा कागद, मग भाव, मग फॉर्म २९-३०, ताब्याचा कागद, आणि शेवटी पोर्टलवर खात्री. तुमच्या राज्यात फी आणि खिडकीवरची यादी थोडी वेगळी असेल, पण क्रम हाच. घरात कुणाच्या नावाची गाडी अशीच उभी असेल तर हा भाग त्या घरापर्यंत पोहोचवा. पुढच्या भागात आपण बँकेच्या लॉकरवर बोलू. मालक गेल्यावर लॉकर कोण उघडू शकतं आणि यादी कशी करतात, ते बघू. तोपर्यंत नमस्कार.